मॉडेल रेल्वे प्रदर्शन : दुसऱ्यांच्या रुळांवर आपली गाडी नेण्याआधी

सांधेवाला (धागालेखक)

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनाला नुसतं बघायला जायचं असेल तर फारशी तयारी लागत नाही. पण क्लबच्या मॉड्यूलर लेआउटवर (सुटे तुकडे, म्हणजे मॉड्यूलं, जोडून केलेल्या रेल्वे-मांडणीवर) आपली गाडी चालवायची असेल, तर घरी कधीच न दिसलेले दोष तिथे पहिल्याच फेरीत बाहेर येतात. घरी गाडी एका ठिकाणी घसरली की आपण तिथला रूळ नीट करतो. असं करत करत सगळे रूळ आपल्या गाड्यांना सरावतात आणि चाकांमधली चूक तशीच राहते. प्रदर्शनात दहा-पंधरा जणांची मॉड्यूलं एकमेकांना जोडलेली असतात. तिथे रूळ आणि चाकं यांच्यात समान अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे प्रमाणित मापं.

सुरुवात चाकांपासून. एचओ या प्रमाणात (१:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, म्हणजे बॅक टू बॅक, सुमारे १४.४ मिमी हवं. एनमध्ये (१:१६०, ९ मिमी) ते सुमारे ७.४ मिमी. एखाददुसऱ्या दशांशाचा फरक चालतो, अर्ध्या मिलिमीटरचा चालत नाही.

हे अंतर कमी असलं की चाकं पॉइंटच्या (रूळ फाटतो त्या सांध्याच्या) चेक रेल आणि विंग रेल, म्हणजे चाकाला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या, यांच्यावर दोन्हीकडून घट्ट बसतात आणि गाडी उचलली जाते. जास्त असलं की समोरच्या चाकाची फ्लँज (आतली उभी कड) थेट फ्रॉगच्या, म्हणजे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या, टोकावर आपटते आणि चाक भलत्याच वाटेला जातं. दोन्ही वेळा आपल्याला दिसतं एवढंच की गाडी पॉइंटवर घसरली. पण घसरण्याआधी डबा किंचित वर उचलला गेला तर अंतर कमी आहे, आणि टक्‌ असा आवाज होऊन चाक बाजूला गेलं तर जास्त आहे, असं समजायला हरकत नाही.

दुरुस्तीसाठी चाक दोन बोटांत धरून गोल फिरवत ओढा. सरळ ओढलं तर चाक कण्यावर तिरकं बसतं आणि डबा डुलायला लागतो. दोन्ही चाकं सारखीच सरकवा. एकच सरकवलं तर अंतर बरोबर येतं, पण चाकांची जोडी बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीच्या) मध्यापासून हटते.

एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेचा पत्र्याचा गेज मिळाला तर व्हर्नियरपेक्षा तोच वापरा. व्हर्नियरचे जबडे जरा तिरके लागले तरी माप चुकतं, आणि गेजवर चाकांबरोबरच रूळ, पॉइंटमधली फ्लँजची वाट आणि आजूबाजूची मोकळी जागाही तपासता येते.

कपलिंग (डबे जोडणारा आकडा), वजन, डीसीसी (डिजिटल संदेशांनी गाड्या चालवणं) आणि जोडणी यांवर जाणकारांनी भर घालावी.

मोजपट्टी

छान धागा. चाकांनंतर बघायची ती बोगीची बसणी. दोन्ही बोग्या घट्ट असतील तर डबा चार पायांच्या लंगड्या टेबलासारखा होतो. मॉड्यूलच्या जोडापाशी एक रूळ जरा खाली असला की एक चाक हवेत जातं. दोन्ही सैल असतील तर डबा वळणावर झुलतो. म्हणून तीन टेकूंचा नियम पाळायचा: एका बोगीचा स्क्रू इतका आवळायचा की ती वळेल आणि पुढेमागे हलेल, पण डावीउजवीकडे डुलणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवायचा, म्हणजे ती सगळीकडे हलेल.

वजनासाठी एनएमआरएची शिफारस सोपी आहे. एचओला मूळ २८ ग्रॅम, अधिक डब्याच्या दर २५ मिमी लांबीमागे १४ ग्रॅम. म्हणजे १५० मिमीच्या वाघिणीला (मालडब्याला) साधारण ११२ ग्रॅम. एनला मूळ १४ ग्रॅम, अधिक दर २५ मिमीला सव्वाचार ग्रॅम. वजन जमिनीलगत, बोग्यांच्या बरोबर वर चिकटवा. छताला चिकटवलं तर वजनाचा आकडा जुळतो, पण डबा वरून जड होतो.

जुनीबोगी

मोजपट्टीताई, त्या सूत्राबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. बऱ्याच युरोपीय वाघिणी कारखान्यातूनच त्यापेक्षा हलक्या येतात आणि एकसारख्या वजनाच्या रांगेत उत्तम धावतात. तीस वाघिणींच्या गाडीला प्रत्येकी वीस ग्रॅम वाढवले तर इंजिनावर सहाशे ग्रॅमचा बोजा वाढतो, आणि चढावर चाकं जागीच फिरायला लागतात. खरी अडचण येते ती हलक्या आणि जड वाघिणी मिसळल्यावर. इंजिनालगत हलकी वाघीण आणि मागे वीस जड, अशी गाडी वळणावर आली की ओढ सरळ रेषेत बसते आणि हलकी वाघीण वळणाच्या आत आडवी होते. तेव्हा निदान एवढं करा: जड पुढे, हलक्या शेपटाला. आणि गाडी उलटी ढकलायची वेळ येणार असेल तर हलक्या आधीच काढून ठेवा.

मोजपट्टी

मान्य. एकसारखेपणा हा आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पण प्रदर्शनात तुमच्या पाच वाघिणी दुसऱ्यांच्या पंचवीस वाघिणींत मिसळल्या जातात. त्या कशा असतील हे आधी माहीत नसतं, म्हणून मी सूत्राला धरून राहते. ज्या क्लबात जायचं त्यांना आधीच विचारणं सगळ्यांत चांगलं.

घसरण_शून्य

कपलिंगबद्दल. आदल्या रात्री सगळ्या कपलिंगांची उंची एकाच मापाशी लावून बघा. केडी कंपनीचा उंची-गेज रुळावर ठेवायचा आणि प्रत्येक डब्याची दोन्ही टोकं त्याला भिडवायची. नकल (मुठीसारखं कपलिंग) गेजपेक्षा खाली असेल तर बोगी आणि डबा यांच्यामध्ये पातळ फायबर वॉशर घाला. पण एकाच टोकाला वॉशर घातला की डबा कलतो, म्हणून दुसरं टोक पुन्हा तपासा. खाली लोंबणारी तार, म्हणजे ट्रिप पिन, रुळाच्या माथ्यापासून पाऊण मिलिमीटर तरी वर हवी. त्याहून खाली असेल तर ती पॉइंटमध्ये अडकते, आणि गाडी घसरल्यावर सगळे चाकांकडेच बघत बसतात.

कपलिंग अडखळत असेल तर तेल अजिबात नको. तेलाला धूळ चिकटते आणि दुपारपर्यंत ते जाम होतं. कोरडी ग्रॅफाइट पूड घाला, टूथपिकच्या टोकावर मावेल इतकीच.

आणखी एक: दोन्ही टोकांना वेगवेगळ्या जातीची कपलिंग असलेली एक वाघीण सोबत ठेवा. एका बाजूला नकल, दुसऱ्या बाजूला युरोपीय कडीचं. अशी एक वाघीण असली की कोणाच्याही गाडीला आपली गाडी जोडता येते. एनमध्येही तेच: एका टोकाला रॅपिडो, दुसऱ्याला नकल.

नवा_प्रवासी

माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. एक शंका. डीसीसी इंजिन घरच्या यंत्रणेवर नीट चालतं पण क्लबच्या लेआउटवर हाकेला ओ देत नाही, किंवा अचानक स्वतःच पळत सुटतं, तर कारण काय असू शकतं?

पत्ता_तीन

याची चार-पाच नेहमीची कारणं आहेत. ज्या क्रमाने मी तपासतो त्या क्रमाने लिहितो.

पहिलं, पत्ता. नवा डीकोडर (इंजिनातलं संदेश वाचणारं सर्किट) कारखान्यातून पत्ता ३ घेऊन येतो. लेआउटवर पत्ता ३ ची तीन इंजिनं असतील तर एका थ्रॉटलवर (हातातल्या नियंत्रकावर) तिन्ही हलतात. म्हणून इंजिनावर लिहिलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे हाच पत्ता ठेवण्याची पद्धत आहे. पाटी बघून कोणालाही पत्ता कळतो. १०० ते १२७ हे पत्ते मात्र टाळा. लेन्झची यंत्रणा १०० पासून पुढचे पत्ते लांब पत्ते समजते, तर डिजिट्रॅक्स १२७ पर्यंतचे आखूड समजते. म्हणजे एकीकडे ११२ वर चालणारं इंजिन दुसरीकडे ११२ वर सापडतच नाही.

दुसरं, सीव्ही १९ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग). हे इंजिन आधी कधी दुसऱ्याबरोबर जोडीत चालवलेलं असेल आणि जोडी मोडायची राहिली असेल, तर सीव्ही १९ मध्ये जुना जोडी-पत्ता शिल्लक राहतो. मग इंजिनाचे दिवे लागतात, पण ते जागचं हलत नाही. तिथे ० लिहा.

तिसरं, स्वतःच पळत सुटणं. याचं मूळ बहुतेक वेळा सीव्ही २९ मध्ये असतं. त्यात ४ किमतीचा बिट साध्या डीसीवर (डिजिटल संदेश नसलेल्या विजेवर) चालण्याची मुभा देतो. लेआउटवर शॉर्ट होऊन वीज परत आली की त्या क्षणी डीकोडरला नीट सिग्नल मिळत नाही, तो समजतो की आपण डीसीवर आहोत, आणि इंजिन पूर्ण वेगाने सुटतं. मेळाव्यात शॉर्ट होतच असतात. लांब पत्ता (३२), २८/१२८ पायऱ्यांचा वेग (२) आणि डीसीची मुभा (४) मिळून ३८ होतात. मुभा काढली की उरतात ३४. तेव्हा ३८ असेल तिथे ३४ लिहा. इंजिनाची दिशा उलटी केलेली असेल तर ३९ च्या जागी ३५.

चौथं, व्होल्टेज. एचओला रुळावर १४-१५ व्होल्ट ही नेहमीची पातळी, एनला १२ च्या आसपास. एनचं इंजिन चुकून एचओच्या बूस्टरवर (रुळांना वीज देणाऱ्या यंत्रावर) तासभर चाललं तर मोटर आणि दिवे दोन्ही तापतात.

पाचवं, नोंद. सगळ्या सीव्हींच्या किमती जेएमआरआय या संगणक-प्रणालीत किंवा साध्या कागदावर उतरवून ठेवा. बहुतेक डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं, आणि त्याबरोबर तुमचा पत्ताही ३ होतो. रीसेट केल्यावर हे विसरलं की पुन्हा पहिल्या कारणाशी येऊन थांबतो.

नवा_प्रवासी

३४ आणि ३८ चा हिशोब पहिल्यांदाच नीट कळला. आभारी आहे!

तांबडी_वायर

लेआउटच्या बाजूने भर घालतो, कारण प्रत्येक वेळी दोष इंजिनाचाच असतो असं नाही.

मुख्य बस वायर २.५ चौ. मिमीची हवी, रुळाला डाग दिलेले फीडर ०.५ चौ. मिमीचे चालतात, पण ते वीतभरापेक्षा लांब नकोत. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःचा फीडर हवा. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर वीज पुढे नेली तर पहिल्या वर्षी चालतं, नंतर प्लेट सैल होते आणि ओढगाडीतून आल्यावर हमखास तुटते.

जोडणी पूर्ण झाली की गाडी ठेवण्याआधी नाण्याची चाचणी करा. एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं धरायचं आणि बूस्टर लगेच बंद पडतो का ते बघायचं. ही चाचणी प्रत्येक मॉड्यूलवर, विशेषतः बूस्टरपासून सगळ्यांत दूरच्या मॉड्यूलवर करायची. जिथे बूस्टर बंद पडत नाही तिथे वायरीचा रोध जास्त आहे. अशा जागी गाडी घसरून शॉर्ट झाला तर पाच ॲम्पिअर त्या गाडीच्या चाकांतून वाहत राहतात, आणि बोगीचं प्लॅस्टिक वितळेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. नाण्याने चाचणी न केलेल्या लेआउटवर मी माझं इंजिन ठेवत नाही.

वाय-फाय थ्रॉटल वापरणार असाल तर त्यासाठी वेगळा राउटर ठेवा. सभागृह भरलं की शेकडो फोन २.४ गिगाहर्ट्झवर असतात आणि सकाळी उत्तम चाललेले थ्रॉटल दुपारी तुटायला लागतात. शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झ घ्या. नाहीतर १, ६ आणि ११ यांपैकी सगळ्यांत मोकळा चॅनल निवडा. दोन-चार तारेचे थ्रॉटल राखीव असावेतच. एक्सप्रेसनेटवर (लेन्झच्या थ्रॉटल-जोडणीवर) प्रत्येक थ्रॉटलला १ ते ३१ मधला वेगळा क्रमांक लागतो. दोन पाहुण्यांचे क्रमांक सारखे निघाले की दोघांचेही थ्रॉटल बिनसतात, म्हणून आल्या आल्या क्रमांक विचारून कागदावर लिहा.

नऊमिमी

वर बरंचसं एचओवर झालं, आता एनबद्दल. पहिल्यांदा मेळाव्यात उतरणाऱ्याला मी टी-ट्रॅक ही मॉड्यूल-पद्धत सुचवेन. मॉड्यूल टेबलावर बसतं, पाय लागत नाहीत, एक मॉड्यूल पिशवीत मावतं. रुंदी ३०८ मिमी, त्यावर काटो कंपनीच्या युनिट्रॅकचे ३१० मिमी लांबीचे रूळ (२४८ अधिक ६२). रूळ दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर बाहेर राहतो, त्यामुळे शेजारच्या मॉड्यूलला लाकूड नव्हे तर रूळ भिडतो. दुप्पट मॉड्यूल ६१८ मिमीचं. ते ६१६ केलं तर आकृतीत चूक दिसत नाही, पण पुढची आणि मागची बाजू जुळवताना प्रत्येक मॉड्यूलमागे दोन मिलिमीटर कमी पडतात आणि शेवटचा जोड उघडा राहतो.

वायरिंग समोरून मागे निळी-पांढरी-पांढरी-निळी. ही रचना दोन्ही टोकांकडून सारखीच वाचली जाते, म्हणून मॉड्यूल कुठल्याही क्रमाने लागतं. कोणी निळी-पांढरी-निळी-पांढरी केली असेल तर डीसीवर एका मार्गावरची गाडी उलट धावते. वीज दर पाच-सहा मॉड्यूलांमागे एकदा आत द्या, कारण युनिजॉइनर (युनिट्रॅकचे रूळ जोडणारे तुकडे) वापरून वापरून सैल पडतात आणि दूरच्या बाजूला गाडी मंदावते.

रुळांमधल्या अंतराचीही खात्री करा. काटोचे दोन मार्ग ३३ मिमीवर असतात, काही गट २५ मिमी वापरतात. दोन्ही एका लेआउटमध्ये हवे असतील तर मध्ये जुळवणारं मॉड्यूल लागतं.

मोडणी करताना मॉड्यूल वर उचलू नका. आधी आडवं सरकवून जॉइनर सुटू द्या, मग उचला. घाईत उचलल्यामुळेच जॉइनरच्या कड्या तुटतात. डझनभर जॉइनर जास्तीचे ठेवा.

सांधेवाला

नऊमिमी, उत्तम. एनमध्ये एनट्रॅकही आहे, १९७३ मध्ये सुरू झालेला, तीन समांतर मार्गांचा. तिथे दोन मॉड्यूलांमधली फट एका छोट्या रुळाने भरतात. काटोचा ७८ ते १०८ मिमी लांब होणारा सरकता रूळ त्यासाठी सोयीचा, कारण मॉड्यूल दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे असलं तरी तो जुळतो. मात्र सरकत्या भागावर चाक किंचित आवाज करतं. हलके डबे तिथे उडतात का ते आधी बघा.

पाचर

मला जोडणीच्या क्रमाबद्दल बोलायचंय, कारण सगळ्यांत जास्त वेळ तिथे वाया जातो.

सभागृहाची जमीन सपाट दिसते पण नसते. पाणसळ आणि लांब पट्टी घेऊन आधी जमिनीचा सगळ्यांत उंच भाग शोधा आणि पहिलं मॉड्यूल तिथे लावा. उरलेल्यांचे पाय बाहेर काढून ती त्याच्या उंचीला आणता येतात. उलट, खालच्या भागापासून सुरुवात केली तर उंच जागेवर पाय आत घ्यायचे म्हटलं तरी बोल्ट संपतो. पायाच्या बोल्टला वरखाली मिळून निदान ५ सेंमी खेळ हवा.

फ्री-मो या अमेरिकी मॉड्यूल-प्रमाणात रुळाचा माथा जमिनीपासून १२७ सेंमी, युरोपातल्या फ्रेमोत १३० सेंमी. तीन सेंमीचा फरक पायांनी भरून निघतो, पण टोकाच्या फळीचा आकार वेगळा असतो. म्हणून एका प्रमाणाचं मॉड्यूल दुसऱ्याला तसंच लागेल असं गृहीत धरू नका.

जोडणी सगळ्यांत अवघड भागापासून, म्हणजे फाट्याच्या किंवा स्टेशनच्या मॉड्यूलपासून, बाहेरच्या दिशेने करा. वर्तुळ बंद करायचं असेल तर शेवटची फट साध्या सरळ मॉड्यूलवर आणा. ती कधीच नेमकी येत नाही. शेवटची तूट फाट्याच्या मॉड्यूलवर आली तर त्याला ओढून बसवावं लागतं आणि पॉइंट वाकडे होतात.

दोन मॉड्यूल जोडताना एका जोडाला दोन क्लॅम्प, किंवा एम८ बोल्ट आणि विंगनट. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवतात ती मुद्दाम. आधी बोटाने दोन्ही रुळांचे आतले काठ जुळवायचे, नख अडकत नाही याची खात्री करायची, मगच आवळायचं. भोकं जुळली म्हणून रूळ जुळले असं होत नाही.

जोडापाशी अर्धा मिलिमीटर फट राहू द्या. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ २० अंश तापला तर साधारण ०.३ मिमी वाढतो. लाकूड दमट हवेत त्याहून जास्त हलतं. सकाळी थंड सभागृहात रूळ टोकाला टोक भिडवले तर गर्दीने आणि दिव्यांनी हवा तापल्यावर ते मध्येच उचलतात.

घसरण_शून्य

+१. नख अडकणं ही उत्तम चाचणी. त्यानंतर एकच जड वाघीण हाताने सगळ्या जोडांवरून ढकलत न्या, डोळे मिटून. हाताला जो धक्का लागतो तो डोळ्याला दिसत नाही.

वाफेरी

आता भेटीगाठींबद्दल, कारण मॉडेलाइतकंच त्यासाठीही लोक येतात आणि तिथेच सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं.

वेळ निवडा. गर्दीच्या तासांत लेआउटपुढे उभा असलेला माणूस एका डोळ्याने सिग्नल बघत असतो. त्याला पॉइंट मोटरचं सर्किट विचारलं तर उत्तर अर्धंच मिळतं, आणि तेवढ्यात गाडी घसरते. मांडणीची संध्याकाळ, दार उघडण्याआधीचा अर्धा तास आणि शेवटचा तास, या बोलण्याच्या वेळा. मांडणीच्या दिवशी नुसतं बघत उभं राहू नका. मॉड्यूलचं एक टोक धरा, पेट्या उचला. दोन तासांत जे मॉड्यूलखालचं वायरिंग बघायला मिळतं ते प्रदर्शनाच्या दोन दिवसांत पडद्यामागेच राहतं.

क्लबाची परवानगी असेल तर फिडल यार्डमध्ये (पडद्यामागे गाड्या रचून ठेवतात तिथे) अर्धा तास बसायला मागा. तिथल्या माणसाला तेवढीच उसंत मिळते. गाड्या कशा क्रमाने सोडतात, कुठला डबा वारंवार बाजूला ठेवला जातो, कुठल्या खुणेवर इंजिन थांबवतात, हे सगळं तिथून समजतं.

प्रश्न नेमका विचारा. "हे कसं केलं?" याला उत्तर देणं अवघड जातं. "या खडीचा गोंद पाण्यात किती पातळ केला? आधी कशाने ओली केली?" याला आकड्यात उत्तर मिळतं. आणि प्रत्येक लेआउटवर मी एक प्रश्न विचारतेच: गेल्या प्रदर्शनानंतर काय बदललं? ज्याने पॉइंट मोटर बदलली, जोड बदलले, वायरीचे प्लग बदलले, त्याच्याकडून बाकीच्यांचे महिने वाचतात.

जाताना खिशात वही, छोटी पट्टी आणि एक वाघीण असू द्या. रंग जुळवायचा असेल तर फोटोवरून कधीच जुळत नाही, वाघीण शेजारी धरली की जुळते. सुटे भाग हवे असतील तर मापांसह यादी करा: चाकाचा व्यास, कण्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, टोक सुईसारखं की बोथट. नुसतं "एचओची चाकं" सांगून उपयोग नाही. ३३ इंची खऱ्या चाकाचं एचओतलं माप ९.६ मिमी, ३६ इंचीचं १०.५, आणि दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेली असतात.

लेआउटच्या कडेला हात टेकवू नका, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. पिशवी मागे असताना वळलं की सिग्नल मोडतात आणि मोडणाऱ्याला ते कळतही नाही.

जुनीबोगी

विक्रीच्या टेबलांबद्दल कोणी लिहिलं नाही. जुनं इंजिन घेताना एवढं बघाच.

झिंक पेस्ट, म्हणजे धातूचा रोग. जुन्या जस्त-मिश्रधातूच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं तर धातू आतून फुगतो आणि तडकतो. चौकट किंचित बाकदार दिसणं, रंगाला केसासारख्या भेगा, वरचं कवच नीट न बसणं, ही लक्षणं. याला उपाय नाही. कितीही सुंदर असलं तरी ते इंजिन चालवण्यासाठी घेऊ नका.

गिअरला तडा. कण्यावर दाबून बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर वयानुसार चिरतो. हळू चालवलं की दर फेऱ्याला टक्‌, टक्‌ असा ठराविक आवाज येतो. वेगात तो ऐकू येत नाही, म्हणून चाचणीच्या रुळावर अगदी रांगत्या वेगाने, दोन्ही दिशांनी चालवायला सांगा. सुटा गिअर मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही.

मार्कलिनच्या तीन-रूळ पद्धतीचं इंजिन दिसायला एचओच असतं. पण त्याच्या पोटाखाली वीज घेणारी लांब पट्टी असते आणि दोन्ही बाजूंची चाकं विजेसाठी जोडलेली असतात. दोन-रूळ लेआउटवर ते ठेवलं की तत्क्षणी शॉर्ट.

एनमधल्या जुन्या चाकांच्या फ्लँज खोल असतात. कोड ८० रुळावर (उंची सुमारे २ मिमी) त्या चालतात. कोड ५५ वर (सुमारे १.४ मिमी) त्या स्लीपरवरच्या खिळ्यांना घासत जातात आणि गाडी खडखडते. चाकं बदलायचा खर्च आधीच धरून सौदा करा.

डीसीसी करायचं असेल तर कवच उघडून सॉकेट बघू द्या अशी विनंती करा: ८ पिन, २१ पिन, नेक्स्ट१८ की काहीच नाही. खोक्यावर एक आणि आत दुसरंच, असं पुष्कळदा असतं, कारण खोकी बदललेली असतात.

तांबडी_वायर

जुना ट्रान्सफॉर्मर घेताना वायरीचं आवरण कडक झालंय का, प्लगपाशी तांबं दिसतंय का, ते बघा. शंका असेल तर सोडून द्या. तिथे मुख्य वीज असते, गंमत नाही.

नवा_प्रवासी

इंजिन प्रदर्शनाच्या दिवसभर चालतं ठेवायचं तर सफाई किती वेळाने करावी? आणि वेग किती ठेवावा?

घसरण_शून्य

चाकं आदल्या रात्री, आणि मग दुपारी एकदा. एक पातळ टिश्यू आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून रुळांवर आडवा पसरा. इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर, अर्धी मोकळ्या रुळावर ठेवा आणि हाताने धरून वीज द्या. रुळावरची चाकं वीज घेतात, टिश्यूवरची फिरून स्वच्छ होतात. मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बाजू. दहा-पंधरा सेकंद पुरतात. अल्कोहोल पूर्ण वाळू द्या, आणि रबरी टायर असलेली चाकं त्यात भिजत ठेवू नका, टायर ढिले होतात.

तेल घालायचं असेल तर ते घरी, दोन दिवस आधी. प्रदर्शनात घातलेलं तेल कण्यावरून चाकावर, चाकावरून रुळावर आणि तिथून सगळ्यांच्या गाड्यांना लागतं.

मोजपट्टी

वेगाचा हिशोब: ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागिले ८७ केलं की एचओला सेकंदाला १९ सेंमी, म्हणजे एक मीटर अंतर साधारण सव्वापाच सेकंदांत. एनला सेकंदाला साडेदहा सेंमी. मालगाडी याहून हळू. जोडावर मोजपट्टी ठेवून घड्याळ लावा आणि थ्रॉटलवर त्या वेगाची पायरी लिहून ठेवा. लेआउटपुढे उभं राहिलं की हात आपोआप वेग वाढवतो.

पाचर

बांधाबांध राहिली. गाड्यांच्या पेटीत पॉलिथिलीनचा फोम वापरा. पॉलियुरेथेनचा मऊ स्पंज काही वर्षांत चिकट होतो आणि रंगाला धरतो. थंडीतून उबदार सभागृहात पेटी आणली तर निदान अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर थंड धातूवर पाणी धरतं.

प्रत्येक डब्याच्या पोटाला ठराविक रंगाचा ठिपका आणि आद्याक्षरं लावा. एकाच कारखान्याच्या, एकाच क्रमांकाच्या वाघिणी तिघांकडे असतात आणि संध्याकाळी घाईत त्या अदलाबदल होतात. यादीच्या दोन प्रती: एक पेटीत, एक खिशात. मोडणी सुरू होण्याआधी, वीज चालू असतानाच, आपल्या गाड्या फिडल यार्डमध्ये बोलावून घ्या आणि यादीवर खूण करत पेटीत भरा. वीज बंद झाली आणि क्लॅम्प सुटायला लागले की बोगद्यात राहिलेली वाघीण दुसऱ्याच्या मॉड्यूलबरोबर निघून जाते.

वाफेरी

आणि बोगद्यात हात घालून बघा. पेटीतली जागा मोजून रिकामी दिसली की आधी तिथेच.